वाचकांचे प्रश्न: झिरो माईल, सीताबर्डीचा किल्ला आणि मेघदूतातला रामगिरी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे नागपूर आणि विदर्भाविषयी पिढ्यान्पिढ्या सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींबद्दल आहेत. त्यांतील पाच प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. गोष्ट ज्या काळातली, त्या काळातला कागद किंवा दगड काय सांगतो हे आधी पाहायचे आणि मगच मत द्यायचे, हा नियम सगळ्या उत्तरांत पाळला आहे.

झिरो माईल हा भारताचा मध्यबिंदू आहे, असे आम्ही शाळेत शिकलो. आता मुलगा म्हणतो की ते खोटे आहे. खरे काय? (एक वाचक, धरमपेठ)

आपल्या मुलाचे म्हणणे बरोबर आहे. मात्र आपण शिकलात ती गोष्ट कोठून आली असेल, हेही समजून घेण्यासारखे आहे. विधानभवनाजवळ चार घोडे आणि वालुकाश्माचा स्तंभ आहे तेथे जाऊन नीट पाहावे. स्तंभाशेजारच्या दगडावर त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या नावाची आद्याक्षरे आहेत आणि हे चिन्ह उंचीच्या मोजमापासाठीचे प्रमाणचिन्ह असल्याचे त्यावरच नोंदलेले आहे. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट, म्हणजे सुमारे ३११ मीटर, अशी दिली जाते. फुटाचा हजारावा भाग ज्याने इतक्या काळजीने नोंदवला, त्याला देशाचा मध्य दाखवायचा नव्हता. पुढच्या मोजणीदारांना उंचीसाठी एक भरवशाचा आधार द्यायचा होता. हे काम १९०७ सालचे आहे. समुद्रकिनाऱ्यावरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून सरासरी पातळी ठरवायची आणि तेथून टप्प्याटप्प्याने आतल्या मुलखात उंची आणत जायची, अशी ती पद्धत होती.

त्याच ठिकाणच्या षटकोनी दगडावर काही गावांची अंतरे कोरलेली आहेत. त्यांत हैदराबाद आहे, जबलपूर आहे, चांदा, शिवनी, छिंदवाडा, बैतूल आहेत; दिल्ली, कलकत्ता आणि मुंबई नाहीत. देशभरचे रस्ते येथून मोजले जात असते, तर ही तीन नावे वगळली गेली नसती. मुंबईतले मैलाचे दगड तर फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मोजलेले होते.

आता मध्यबिंदूचा हिशेब पाहू. आजच्या भारताच्या मुख्य भूमीचा विस्तार ८ अंश ४ मिनिटे ते ३७ अंश ६ मिनिटे उत्तर अक्षांश आणि ६८ अंश ७ मिनिटे ते ९७ अंश २५ मिनिटे पूर्व रेखांश असा आहे. दोन्हींचे मध्य काढले, तर बिंदू छत्तीसगडमध्ये कोरब्याच्या आसपास पडतो. क्षेत्रफळाच्या हिशेबाने मध्य काढणारे मध्य प्रदेशातल्या कटनी जिल्ह्यातील करौंदी गावाचे नाव घेतात. रीत बदलली की मध्यही बदलतो. मात्र फाळणीपूर्वीचा, ब्रह्मदेश वगळून उरलेला हिंदुस्थान धरला, तर पश्चिमेचे टोक बलुचिस्तानात सुमारे ६१ अंशांवर जाते आणि पूर्व-पश्चिम विस्ताराचा मध्य ७९ अंशांच्या जरा पुढे येतो. नागपूरचा रेखांशही तोच आहे. दक्षिणोत्तर हिशेबात मात्र आपले शहर मध्यापासून दीडेक अंश, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर, दक्षिणेकडेच राहते. म्हणजे हा समज अर्धा तरी नकाशावर टिकतो, आणि जुन्या नकाशावर बोट ठेवून कोणी नागपूरला मध्य म्हटले असेल, तर त्याला अगदीच निराधार म्हणता येणार नाही.

दगडावर ज्याची आद्याक्षरे आहेत त्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे आद्य प्रवर्तक विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ आपली पायारेषा, म्हणजे पुढच्या सगळ्या मोजणीचा आधार असलेली पहिली रेषा, मोजायला सुरुवात केली. वीस वर्षे ते उत्तरेकडे सरकत राहिले आणि हैदराबादकडून नागपूरच्या वाटेवर असताना २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्यांचा अंत झाला. त्यांची कबर तेथेच आहे. झिरो माईलला जाणाऱ्या प्रत्येक सहलीने एकदा हिंगणघाटलाही जावे, असे मला मनापासून वाटते.

सीताबर्डीच्या किल्ल्यात महात्मा गांधींना १९२३ साली १० एप्रिल ते १५ मेपर्यंत कैदेत ठेवले होते, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. ती कोठडीही दाखवतात. याला आधार आहे का? (एक वाचक, महाल)

या तारखा गांधींच्या चरित्राच्या पक्क्या तारखांशी जुळत नाहीत. १० मार्च १९२२ रोजी त्यांना साबरमतीला अटक झाली, १८ मार्चला अहमदाबादेत न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी सहा वर्षांची शिक्षा सुनावली आणि त्यानंतर त्यांना पुण्याच्या येरवडा तुरुंगात नेण्यात आले. तेथेच असताना आंत्रपुच्छाच्या (अपेंडिक्सच्या) दुखण्यामुळे त्यांना ससून रुग्णालयात हलवले गेले, १२ जानेवारी १९२४ रोजी शस्त्रक्रिया झाली आणि ५ फेब्रुवारीला सुटका झाली. १९२३ सालचा एप्रिल आणि मे हे महिने त्यांनी येरवड्यात काढले. त्या काळातल्या सरकारी नोंदी, त्यांची स्वतःची तुरुंगातली रोजनिशी आणि सहकैद्यांच्या आठवणी या सगळ्यांत येरवडाच आहे.

मग हा समज कसा रुजला असेल? १९२३ हे साल नागपूरच्या इतिहासात फार मोठे आहे, कारण त्याच वर्षी येथे ध्वज सत्याग्रह झाला. राष्ट्रीय निशाण घेऊन सिव्हिल लाइन्समध्ये शिरण्यास बंदी होती आणि ती मोडण्यासाठी देशभरातून स्वयंसेवकांच्या तुकड्या येत राहिल्या. जमनालाल बजाज यांनी लढा उभारला, त्यांना अटक झाल्यानंतर वल्लभभाई पटेल नागपुरात येऊन बसले आणि ऑगस्टमध्ये हा सत्याग्रह संपला. शेकडो लोक तुरुंगात गेले. त्या उन्हाळ्याची लोकांच्या मनावरची छाप आणि गांधी त्या वर्षी कैदेत असल्याची माहिती या दोन खऱ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या असाव्यात, असे माझे अनुमान आहे. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे सामान्य नागपूरकराला तो वर्षातले ठरावीक दिवसच पाहता येतो, आणि जी जागा क्वचित दिसते तिच्याविषयीच्या गोष्टी तपासल्या जात नाहीत.

हे मी किल्ल्याचे महत्त्व कमी करण्यासाठी सांगत नाही. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी याच टेकड्यांवर आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची इंग्रजांशी लढाई झाली आणि नागपूरच्या राज्याचे भवितव्य तेथे ठरले. त्या दोन दिवसांचा नकाशा मुलांना शिकवावा. आणि गांधींचे नागपूरशी नाते सांगायचे असेल, तर डिसेंबर १९२० चे काँग्रेस अधिवेशन आहे, ज्यात असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झाले.

देशातली सगळी विमानटपाल मध्यरात्री नागपुरात एकत्र येत असे, हे आजोबांचे बोलणे खरे मानावे का? (एक वाचक, सोनेगाव)

खरे माना. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून संध्याकाळनंतर निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या विमानतळावर उतरत, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. ही व्यवस्था १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत चालली. नागपूरच्या मध्यवर्ती असण्याचा इतका रोखठोक उपयोग दुसऱ्या कोणी केला नाही.

लोणारचे विवर प्राचीन काळच्या अणुस्फोटाने झाले, त्याचा पुरावा म्हणजे तेथे सापडणारी काच, असा मजकूर मोबाईलवर फिरतो आहे. (एक वाचक, सक्करदरा)

काच सापडते हे खरे आहे, पण तिचा अर्थ चुकीचा लावला आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर दख्खनच्या काळ्या पाषाणात आहे आणि एकोणिसाव्या शतकापासून ते ज्वालामुखीचे असावे असे बहुतेकांचे मत होते. अमेरिकी भूवैज्ञानिक गिल्बर्ट यांनी १८९६ सालीच ॲरिझोनाच्या, पुढे उल्कापाताचे ठरलेल्या, विवराशी त्याचे साम्य दाखवले होते, तरी वाद चालू राहिला. पुढे तळाशी छिद्रे घेऊन खोलवरचे खडक बाहेर काढण्यात आले आणि त्यांत प्रचंड दाबाने काचेसारखे झालेले खनिजांचे कण आढळले. असा दाब ज्वालामुखीत निर्माण होत नाही. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने आघाताचा निष्कर्ष पक्का केला. काच ही उल्केच्या धडकेची खूण आहे.

खरा वाद वयाचा आहे आणि तो फार रंजक आहे. एका पद्धतीने वय सुमारे ५२ हजार वर्षे येते, आरगॉन वायूच्या समस्थानिकांवरून मोजले तर सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे. अकरापटीचा हा फरक अभ्यासकांना आजही त्रास देतो. पण लहान आकडा धरला, तरी तो शेतीच्या आणि धातूंच्या उगमाच्या फार मागे जातो. त्या काळी माणसे दगडी हत्यारांनी शिकार करीत होती. पुराणकथेचा दाखला देणाऱ्यांनी हेही पाहावे की, त्या कथेत लवणासुराचा वध आहे, अस्त्राच्या स्फोटाने पडलेला खड्डा नाही. ज्या ग्रंथाचा आधार घ्यायचा, त्यात नसलेली गोष्ट त्याच्या तोंडी घालणे हा ग्रंथावरही अन्याय आहे.

मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपला रामटेक, हे सिद्ध झाले आहे की नुसते अभिमानाने म्हटले जाते? छत्तीसगडचे लोक रामगड सांगतात. (एक वाचक, रामटेक)

सिद्ध हा शब्द मी वापरणार नाही, परंतु तीन दावेदारांत रामटेकची बाजू सर्वांत भक्कम आहे आणि त्याची कारणे कालिदासाच्या या काव्यातच आहेत. रामगिरीवर विरहात राहणारा यक्ष मेघाबरोबर आपल्या पत्नीला निरोप पाठवतो आणि त्याला वाट सांगतो, अशी त्याची कथा आहे.

पहिला दावेदार चित्रकूट. टीकाकार मल्लिनाथाने रामगिरीचा अर्थ चित्रकूट असा दिला आहे आणि त्याचा अधिकार मोठा आहे. तरी यक्ष मेघाला उत्तरेकडे तोंड करून उड असे सांगतो, ‘उत्पतोदङ्मुखः खं’, आणि मग वाटेत विंध्याच्या पायथ्याशी दगडांवर फुटून विखुरलेली रेवा, म्हणजे नर्मदा, भेटेल असे म्हणतो. चित्रकूट नर्मदेच्या कितीतरी उत्तरेला आहे. तेथून उत्तरेस निघालेल्या मेघाला नर्मदा कधीच दिसणार नाही.

दुसरा दावेदार सरगुजातला रामगड. तेथील सीताबेंगा आणि जोगीमारा या गुहांत ब्राह्मी लेख आहेत, त्यांतला सुतनुका आणि देवदिन्न यांचा लेख कालिदासाच्या कितीतरी आधीचा आहे, आणि सीताबेंगा ही प्राचीन नाट्यशाळा असावी असे मानणारेही आहेत. हे वैभव कोणीही नाकारू नये. पण रामगडाहून मेघाच्या वाटेवरच्या नर्मदेकडे आणि विदिशेकडे जायचे, तर वाट पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची आहे.

रामटेकहून सरळ उत्तरेला निघाले की नर्मदा आडवी येते आणि तिच्या पलीकडे वायव्येस विदिशा आहे. नागपूरचे थोर संशोधक वासुदेव विष्णु मिराशी यांनी रामटेकची बाजू आयुष्यभर मांडली, ती भूगोलाबरोबर शिलालेख आणि ताम्रपट यांच्या बळावर. विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटक घराण्याची राणी प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या. तिचा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला मिळाला, आणि तो ‘रामगिरिस्वामिनः पादमूलात्’, म्हणजे रामगिरीच्या स्वामीच्या चरणांपासून दिलेला आहे. म्हणजे कालिदासाचा काळ सर्वसाधारणपणे जो मानला जातो, त्याच सुमारास वाकाटकांच्या मुलखात रामगिरी नावाचे देवस्थान नांदत होते. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, आजचे नगरधन, रामटेकपासून काही किलोमीटरवर आहे, आणि अलीकडच्या उत्खननात तेथे प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्राही मिळाली. रामटेकच्या टेकडीवरची केवल नृसिंह आणि रुद्र नृसिंह ही देवळे त्याच घराण्याच्या काळातली. गडावर जाणारे भाविक अनेकदा त्यांच्याकडे न पाहता पुढे निघून जातात, याचे वाईट वाटते.

एक अडचण लपवू नये. रेवेच्या आधी मेघ आम्रकूटावर थांबतो. आम्रकूट म्हणजे अमरकंटक असे धरले, तर रामटेकहून तेथे जाण्यासाठी ईशान्येला मोठा वळसा पडतो, आणि रामगडचे पक्षधर नेमके येथेच बोट ठेवतात. नावाच्या साम्यापलीकडे त्या ओळखीला फारसा आधार नाही आणि सातपुड्याच्या वाटेवर आंब्यांच्या टेकड्यांना तोटा नाही, असे रामटेकच्या बाजूचे उत्तर आहे. मला ते पटते, पण दुसऱ्या पक्षाचा हा मुद्दा अजून पूर्णपणे खोडला गेलेला नाही. कालिदास स्वतः रामटेकला येऊन राहिला होता, हेही या कशातूनच निघत नाही. रिद्धपूरचा ताम्रपट देवस्थानाविषयी बोलतो, कवीविषयी नाही.