जपानी मित्रांसोबत कॅराओकेला जायचंय, रॉकमधली कोणती गाणी म्हणावीत?

जपानी वाचता येत नसेल तरी पहिलं गाणं ठरवून टाका: द ब्लू हार्ट्सचं 'लिंडा लिंडा' (१९८७). सुरुवात संथ, शब्द मोजके, आणि मग धृपदात खोलीतले सगळे उड्या मारत ओरडतात. सूर चुकला तरी कुणाला पत्ता लागत नाही. पंक रॉकचा जीवच तो आहे, लाजत म्हणू नका!

दुसरं, ओकिनावाच्या मोंगोल ८०० या बँडचं 'चिईसाना कोइ नो उता' (२००१). हे माझं सर्वांत लाडकं. चाल सोपी, आणि धृपद आलं की समोरचे आपोआप साथ देतात. त्यामुळे अर्धं ओझं उतरतं.

स्पिट्झचं 'चेरी' (१९९६) ऐकायला हलकंफुलकं वाटतं, पण बँडचा गायक मासामुने कुसानोचा आवाज उंच आहे. पुरुषांनी रिमोटवरून पट्टी दोन-तीन घरं खाली आणावी, त्यात कमीपणा काहीच नाही. तिथले लोकही सर्रास करतात. बंप ऑफ चिकनचं 'तेंताइ कानसोकु' (२००१) त्यानंतर घ्या, त्यात शब्द भराभर येतात.

एक्स जपानचं 'कुरेनाइ' (१९८९) मात्र घसा तापल्याशिवाय नको. शांत सुरुवातीला फसू नका, पुढे वेग आणि उंची दोन्ही दम काढतात.

पडद्यावर कांजीच्या, म्हणजे जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी अक्षरांच्या, डोक्यावर छोट्या अक्षरांत उच्चार दिलेला असतो. म्हणजे नुसत्या हिरागाना-काताकाना या उच्चार दाखवणाऱ्या सोप्या लिप्या शिकलात तरी गाता येईल.