वाचकांचे प्रश्न : बोटीच्या पट्ट्या मोडतात का?

प्रश्न : नमस्कार काका, गाडीच्या टपावर एकट्याने चढवता येईल अशी हलकी लाकडी कनू (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) घरीच बनवायचीय. पातळ पट्ट्यांचा सांगाडा आणि वरून कॅनव्हास. वखारीतून सागाच्या ८ मिमी पट्ट्या कापून आणल्या, रात्रभर भिजवल्या, तरी वाकवताना कडाकड मोडतायत. सुतार म्हणतो जाड घ्या. घेऊ का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : जाड अजिबात घेऊ नका! वाकताना बाहेरची बाजू ताणली जाते आणि पट्टी जितकी जाड तितका तो ताण जास्त, म्हणजे अजून लवकर मोडेल. मोडलेले तुकडे नीट बघा, बहुतेक तिरके मोडले असणार, लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, एका कडेने आत शिरून दुसऱ्या कडेने बाहेर पडलेली दिसेल. करवत सरळ जाते, रेषा कुठे चाललीय ते तिला काय कळणार, म्हणून पट्ट्या कापू नका, सरळ रेषेचा ओंडका पाचर मारून फाडा, तो रेषेनेच फाटतो, मग रंध्याने साफ करा. ताकद आहे ती अखंड रेषेत.

दुसरं म्हणजे नुसतं पाणी पुरत नाही, उष्णता हवी. तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन वाफेत, १०० अंशांच्या आसपास मऊ होतं. हिशोब साधारण २५ मिमी जाडीला एक तास, म्हणजे तुमच्या पट्टीला वीसेक मिनिटं. फळ्यांची लांब पेटी करा, खालून वाफ सोडा, तोंड घट्ट बंद करू नका, चिंधी कोंबा, वाफेला वाट राहिलीच पाहिजे. पीव्हीसी पाईप वापरतात लोक पण तो गरम होऊन लोळतो. बाहेर काढल्यावर अर्ध्या मिनिटात पट्टी साच्यावर बसायला हवी, म्हणून हातमोजे आणि मदतीला एक माणूस, आणि हवी त्यापेक्षा थोडी जास्तच वाकवा कारण सुटल्यावर ती परत उघडते.

लाकूड शेतूरचं, म्हणजे आपल्या तुतीचं बघा, हॉकी स्टिक त्याचीच वाकवतात. थोडं ओलसर हवं, भट्टीत वाळवलेलं नको. लांबीला बांबूच्या कामट्या मस्त चालतात.

आणि पातळ म्हणजे कच्चं हे डोक्यातून काढाच. अमेरिकेत रश्टन नावाच्या कारागिराने बांधलेली सेअरी गॅम्प नावाची कनू जेमतेम पावणेपाच किलोची होती, आणि १८८३ मध्ये एका माणसाने ती घेऊन तिथल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांतली तळी पालथी घातली!

फक्त विश्वामित्री नदीत नेऊ नका, मगरी आहेत. लाइफ जॅकेट घालाच, दोन्ही टोकांना फोम भरा.

प्रश्न : वाफ वगैरे जमणार नाही, साध्या प्लायवूडची होईल का?
– मांजलपूर, बडोदा

उत्तर : होईल, पण कमर्शियल प्लाय नको, थर सुटतात. आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय घ्या, ४ मिमी. कडेला भोकं पाडून तांब्याच्या तारेने तुकडे शिवायचे, आकार आपोआप येतो, मग सांध्यांवर एपॉक्सी गोंद आणि फायबर टेप. १९६२ साली जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी मिरर डिंगी ही छोटी शिडाची होडी अशीच केली आणि इंग्लंडात घरोघरी लोकांनी ती बांधली. एपॉक्सीचं काम मात्र भर पावसाळ्यात नको, दमट हवेत वर चिकट थर धरतो, नवरात्रीनंतर सुरू करा.