माय दिवसभर चिंध्यांत बसते, तिला काही झालंय का?

"मॅडम, माय दिवसभर चिंध्या घेऊन बसते. जेवायला हाक मारली तर 'एवढी रांग होऊ दे' म्हणते. सुई ठेवली की पुस्तक उघडते. कुणाकडं जात नाही, कुणाला बोलवत नाही. डोक्यावर परिणाम तर होत नसेल ना?"

लातूरला मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींच्या तोंडून हा प्रश्न वेगवेगळ्या रूपात येतो. कुणाची आई पोथी सोडत नाही, कुणाचे वडील दिवसभर रेडिओ उघडून बसतात. जोडीदार गेलेला असतो आणि पोरं बाहेरगावी असतात. चार दिवसांच्या सुट्टीत जे दिसतं त्यावरून ती घाबरतात. घाबरणं अगदीच उगाच असतं असंही नाही. पण ज्या गोष्टीला घाबरतात ती बहुतेक वेळा चुकीची असते.

ही गोष्ट ज्यांची आहे त्यांना विचारून, ओळख पटेल ते सगळं बदलून लिहिते आहे. त्यांना मावशी म्हणू. औसा तालुक्यातलं गाव, वय साठीच्या पुढं, मालक जाऊन दोन वर्षं झालेली. मुलगा पुण्यात कंपनीत आहे. संक्रांतीनंतर घरी आला आणि ओसरीवर दोन गोण्या कातरण बघून हबकला. मावशींनी ते वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायला गावातल्या शिंप्याकडून मागून आणलेलं. मुलगा म्हणाला, "नवीन ब्लँकेटं आणून दिलीत, ती पेटीत. लोक काय म्हणत असतील? पोरगा पुण्यात अन् माय चिंध्या गोळा करती!"

काळजीत लाज मिसळलेली असली की ती आधी बाजूला काढावी लागते. मी मुलाला सरळ विचारलं, लोक काही म्हणाले नसते तर तुम्ही आईला इथं आणलं असतं का? तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "आणलं असतं. फोनवर तिचा आवाज बारीक येतो." हे कामाचं होतं.

मावशी खुर्चीच्या टोकावर बसलेल्या. "मला काय झालंय का तुमीच सांगा. ह्यो म्हनला म्हनून आले." अंगुस्तान काढायचं विसरून तशाच एसटीत बसल्या होत्या. ते बोटात फिरवत बोलत होत्या.

झोप, भूक, वजन, मरणाचे विचार, सगळं विचारलं. मागच्या दोन आठवड्यांबद्दलची नऊ प्रश्नांची जी प्रश्नावली आम्ही वापरतो तिच्यात 27 पैकी 6 गुण आले. दहा किंवा वर गेले की नैराश्याचा नीट तपास करायचा असतो. सहा म्हणजे थोडंसं काहीतरी आहे, पण माणूस बुडालेला नाही. प्रश्नावलीपेक्षा माझा भरवसा मात्र दुसऱ्या एका प्रश्नावर जास्त होता. "येळवशीला शेतात गेला होतात?" "आता न जाऊन कसं भागंल? भज्जी केली, उंडे केले, आंबील नेली. भावकीतल्या लेकरांनी माठ रिकामा केला." ज्याला आतून काहीच नकोसं झालंय त्याच्या हातून वेळा अमावस्येचा, म्हणजे शेतात जाऊन पूजा-जेवण करायच्या या सणाचा, एवढा घाट होत नाही.

गोण्यांचंही विचारलं, कारण वस्तू साठवत राहण्याचा एक खरोखरचा आजार आहे. 2013 पासून मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात त्याला स्वतंत्र जागा मिळाली. त्यात टाकवत नाही, वापरवतही नाही, आणि शेवटी झोपायच्या खाटेवरसुद्धा ढीग चढतो. मावशींची खाट मोकळी होती. गोणीतला माल निवडलेला होता. सुती एकीकडं, टेरीकॉट दुसरीकडं. टेरीकॉट का नको, ते त्यांनी मलाच समजावलं: सुती कापड धुतल्यावर आटतं, टेरीकॉट आटत नाही, मग दोन्ही शेजारी लावले की पहिल्या धुण्यात वाकळीला पोक येतो. म्हणून सुती तुकडे आधी भिजवून वाळवायचे, टेरीकॉटची पायपुसणी करायची. जाड जीन्सच्या शिवणीत सुई मोडते, ती परत शिंप्याला. ज्या बाईला काय परत करायचं ते कळतं तिला साठवणीचा आजार आहे असं मी कशी म्हणू?

तरी तो बारीक आवाज आणि ते सहा गुण उरतच होते. म्हणून मावशींना एक वही दिली. आठवडाभर, कुठल्या वेळी काय केलं ते लिहायचं आणि पुढं दोन आकडे घालायचे: किती बरं वाटलं, आणि काहीतरी केल्याचं समाधान किती. दोन्ही दहापैकी. नैराश्यावरच्या उपचारात ही पद्धत 1970च्या दशकापासून आहे आणि अजून तिच्याइतकी सोपी दुसरी मला सापडलेली नाही. मुलाला सांगितलं, या आठवड्यात आईला काही सुचवायचं नाही.

वही आली ती हळदीचे डाग घेऊन. सोमवारी सकाळी जुन्या लुगड्याचं अस्तर ओसरीवर पसरलं, चार कोपऱ्यांवर विटा ठेवल्या, मधे मालकांची दोन धोतरं घातली. आकडे: पाच, आठ. मंगळवारी चौकोन बेतले, कच्चे टाके घातले. पुढं कंसात, "निळा तुकडा कमी पडला, हिरवा लावला, बरा दिसला." सात, आठ. बुधवारी मान धरली म्हणून वाकळ ठेवून देवाच्या पोथीला बासन शिवलं आणि उरलेल्या खणाचा बटवा केला. पुढचे दिवस कडेकडेनं आत धावदोरा. वाचनाचा हिशोब तर मला फारच आवडला. ग्रंथालयातून आणलेला दिवाळी अंक शेजारी पालथा ठेवायचा, सुईतला दोरा संपला की दोन पानं वाचायची, मग नवा दोरा. त्यामुळे मानही मोकळी होते आणि गोष्टही पुरून उरते. मी अनेकांना दर अर्ध्या तासानं उठायला सांगते, कुणी ऐकत नाही. मावशींनी न सांगता सोय करून ठेवली होती.

सकाळी दहा ते पाच, सगळे आकडे पाच किंवा त्याच्या वर. जेवायला उशीर होतो हे खरं, पण जेवण होतं.

आणि मग रोज संध्याकाळी सहापासून नऊपर्यंत एक, दोन, एक, शून्य.

जानेवारीत सव्वासहाच्या सुमारास दिवस मावळतो. ओसरीवरच्या पिवळ्या बल्बखाली टाका दिसत नाही, अक्षरंही नाहीत. चष्म्याचा नंबर जुना होता, तो पुढं बदलून घेतला. पण खरी गोष्ट वेगळी होती. मालक शेतातून यायची ती वेळ. तेव्हा चुलीवर तवा असायचा, ताटं दोन असायची. आता एकटीसाठी काय भाकरी थापायची म्हणून चहात खारी बुडवून खायची आणि पडून राहायचं. मुलगा फोन करायचा तो दुपारी एकला, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत. म्हणजे नेमका रांगेच्या मधे. ती "हं, हं" करायची, आणि त्याला वाटायचं माय बोलत नाही. ज्या तासांची त्याला भीती वाटत होती ते धड होते. रिकामे तास त्याला माहीतच नव्हते.

शुक्रवारच्या पानावर एक ओळ होती: "समोर हळदीकुंकू. दार लोटून घेतलं." आकडे नव्हते.

संक्रांत ते रथसप्तमी गल्लीतल्या सगळ्या बाया एकमेकींकडे जातात, आणि विधवा बाई तेवढी घरात. "कुणाकडं जात नाही" या मुलाच्या तक्रारीचा अर्धा भाग हा होता. तिला बोलावणंच नव्हतं. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात शासनानंही सगळ्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. मावशींच्या गल्लीपर्यंत ते अजून चालत आलेलं दिसत नाही.

आम्ही उपाय केले ते अगदी छोटे. फोनची वेळ संध्याकाळी सात. ओसरीवर पांढरा मोठा दिवा. भाकरी मात्र जमेना. सुचवलं की म्हणायच्या, "एकटीला पीठ मळायचा कंटाळा." मी रेटलं नाही. त्यातच समोरच्या घरी लेक बाळंतपणाला आली, थंडीत बाळ झालं, आणि तिची आई दुपटी मागायला आली. बाळाला जुन्या लुगड्याचीच दुपटी मऊ पडतात. मावशींनी दुपटी दिली, वर कातरणाची कुंची शिवून दिली. पुढच्या भेटीत मला म्हणाल्या, "दुपट्याला चालते मी, कुंकवाला चालत न्हाई." त्यावर "जाऊ द्या हो, मनावर घेऊ नका" असं म्हणायची आमच्या व्यवसायातही सवय आहे. मी म्हटलं नाही. राग खरा होता, त्याला जागा हवी होती.

त्या रागासकट त्या समोर जायला लागल्या. बाळंतिणीला गोष्टी ऐकायला आवडतात, पण हात बाळात अडकलेले. मावशी संध्याकाळी दिवाळी अंक घेऊन जातात, मोठ्यानं वाचतात आणि तिथंच भाकरी खातात. तीन आठवड्यांनी वहीत संध्याकाळचे आकडे चार-पाचवर होते. त्या घरच्या बाईला अजून त्यांनी काही बोलून दाखवलेलं नाही. दाखवायचं की नाही, ते त्या ठरवतील.

आई-वडिलांबद्दल असंच वाटत असेल तर बघायचं ते हे: आवडीचं काम हातात घेऊनही नुसतं बसून राहणं, रंग-तुकडा निवडावासा न वाटणं, पहाटे जाग येऊन पुन्हा झोप न लागणं, वजन उतरणं, "माझं आता काय उरलंय" असं वारंवार बोलणं. यातलं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागात न्या. 14416 या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. आणि मरणाची भाषा असेल तर दोन आठवडे थांबायचं नाही.

एप्रिलमध्ये मुलाचा पुन्हा फोन आला. आवाजात तीच घाई. "मॅडम, मायनं शिवणं एकदम बंद केलंय. वाकळ गुंडाळून माळ्यावर टाकली. काही झालं असेल का?" मी म्हटलं, लातूरचा पारा चाळिशीच्या वर आहे, मांडीवर वाकळ कोण घेईल? संध्याकाळी सातला फोन करून विचारा की. त्यानं केला, पण कुणी उचलला नाही; कारण नंतर कळलं. पापडांचं पीठ कुटायला समोरच्या घरी गेल्या होत्या, फोन घरीच राहिला होता.