बरोबरीत सुटलेली कुस्ती

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. गावच्या जत्रेतल्या मैदानात तो दोन मिनिटांत चीत झाला. तेव्हापासून तालमीचं नाव काढत नाही. जय-पराजय सारखेच मानावेत असं गीतेत सांगितलंय, म्हणून मी समजूत घातली. तर म्हणाला, "सारखेच असतात तर हलगी जिंकलेल्याचीच का वाजते?" काय उत्तर देऊ?
— एक पालक, खानापूर तालुका

उत्तर : दादा, पोरगं बरोबर बोललं. सारखे नसतातच. आणि दुसऱ्या अध्यायातला ३८वा श्लोक तुम्ही अर्धाच सांगितलात. 'लाभालाभौ जयाजयौ'च्या पुढं लगेच 'ततो युद्धाय युज्यस्व' आहे. अर्जुनाला हे सांगितलं तेव्हा लढाई सुरूही झाली नव्हती. उतरण्याआधीची ती गोष्ट. पाठ टेकून घरी आलेल्या पोराला लावायचं मलम नव्हे.

मी शाळेत पी.टी. शिकवायचो, त्याआधी सहा वर्षं तांबड्या मातीत लोळलो. आपल्या बेळगाव भागात मैदानाच्या पत्रकावर 'निकाली कुस्त्या' असं मुद्दाम का छापतात? लोकांना हार बघवते, बरोबरी बघवत नाही. दोघं नुसती खडाखडी करत राहतात, पंच कुस्ती सोडवतात, इनाम निम्मं निम्मं. आणि सकाळपासून उन्हात बसलेला म्हातारा टॉवेल झटकून शिव्या घालत उठतो. जिंकणारा नि हरणारा हे दोघं त्याच्या लेखी एकाच बाजूचे. पलीकडं उभा असतो तो सोडवून घेणारा.

मी तोही झालोय. एका जत्रेत समोरचा जड दिसला. पोटात गोळा आला. कडेकडेनं फिरत वीस मिनिटं काढली, बरोबरी झाली, पैसे घेऊन घरी आलो. आईनं विचारलं, "जिंकलास?"
"नाही."
"हरलास?"
"नाही."
"मग तिथं एवढा वेळ काय केलास?"

पुढच्या वर्षी त्याच जत्रेत एकचाक डावावर चीत झालो. त्यानं हात कुठं घातला, माझा पाय कधी सुटला, हे आजही उठून दाखवू शकतो (गुडघा दुखतो, तरी). त्या बरोबरीतलं मात्र एक पैसे सोडले तर काही आठवत नाही.

तुमच्याच तालुक्यात नंदगड आहे. कित्तूरसाठी इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ साली तिथं फाशी दिली. कित्तूरचा किल्ला तर त्याआधीच पडलेला. जिंकले इंग्रज, पण लोक हात जोडतात ते रायण्णाच्या समाधीला. हे पोराला सांगू नका हं, त्याला सध्या इतिहास नकोय.

हलगीचं म्हणाल तर दोघं मातीत उतरतात तेव्हाही ती वाजतेच. त्या वेळी त्याचं लक्ष नसेल, भीतीनं कान बंद होतात.

आज रात्री जेवताना एवढंच विचारा, "कुठल्या डावावर पडलास?" घिस्सा म्हणाला, ढाक म्हणाला, तर निम्मं काम झालं. सांगता आलं नाही तर वस्तादांना विचारायला दोघं मिळून जा; त्यांनी नक्की बघितलेलं असतं. तालमीतली माती खणून ताक-तेल घालायचा दिवस बघून गेलात तर उत्तम. हातात खोरं द्या. लंगोट तुमच्या पिशवीत असू दे, त्याला सांगू नका.