केबलवरची प्रचार-जाहिरात

प्रश्न : नागपुरात आमचं लोकल केबल चॅनल आहे. लोकसभेच्या वेळी उमेदवाराची जाहिरात थेट लावली तर चालते का? (एक केबलचालक, धरमपेठ)

उत्तर : नाही. आधी जिल्हा माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीचं प्रमाणपत्र हवं. नोंदणीकृत पक्ष किंवा उमेदवाराने प्रसारणाच्या किमान 3 दिवस आधी अर्ज करायचा, इतरांनी 7 दिवस आधी. सोबत जाहिरातीच्या दोन प्रती, साक्षांकित संहिता (जाहिरातीत बोलला जाणारा मजकूर, लेखी), निर्मितीखर्च, प्रसारणाचा अंदाजे खर्च. पैसे चेक किंवा डिमांड ड्राफ्टनेच घ्या, रोख नको. अर्ज बहुधा अडतो तो संहितेपायी: कागदावर एक, आवाजात दुसरंच! मंजुरीनंतर एक ओळ जरी बदलली, तरी ती जाहिरात मंजूर राहत नाही. बल्क एसएमएस आणि व्हॉइस मेसेजलाही हेच लागू.

मतदान संपण्याआधीच्या 48 तासांत मात्र प्रमाणपत्र असूनही टीव्हीवर प्रचार बंद. 2024मध्ये नागपूरचं मतदान 19 एप्रिलला संध्याकाळी 6 वाजता संपलं, म्हणजे पडदा 17 तारखेला 6 वाजताच पडला. ही बंदी, म्हणजे लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 126, मोडल्यास 2 वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. एक्झिट पोलवर तर 1 जूनच्या संध्याकाळपर्यंत बंदी होती, कारण देशातलं मतदान तेव्हा संपलं.