फ्री ट्रायल संपल्यावर कार्डातून पैसे कधी कापतात?

तुम्ही विचारलंय की ट्रायल घेताना कार्ड दिलं तर न विचारता पैसे कापू शकतात का. डाउनलोडचं सोपं आहे, गाणं किंवा सॉफ्टवेअर लगेच हातात मिळतं म्हणून पैसेही लगेच, त्यात काही गैर नाही. ट्रायल संपली की सुरू होणाऱ्या सबस्क्रिप्शनची गोष्ट वेगळी. रिझर्व्ह बँकेचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून नीट लागू झाला, भारतातल्या कार्डावर पहिल्यांदा ऑटोपे, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, लावताना ओटीपी लागतोच आणि नंतर दर वेळी कापायच्या निदान २४ तास आधी बँकेने कळवायचं, त्यात बंद करायची सोयही द्यायची. १५,००० पर्यंत मग परत ओटीपी मागत नाहीत, आणि गोची इथेच होते.

आमचं मालवणात होमस्टे आहे, फोटो सुधारायला एका ॲपची ७ दिवसांची ट्रायल घेतली आणि विसरलो. बँकेचा मेसेज आलेला हो, पण गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं, मोदक वळायचे की मेसेज वाचायचे? गेले ८९९. नुसतं ॲप डिलीट करून काही होत नाही बरं का, बँकेच्या ॲपात ई-मँडेट, म्हणजे तीच ऑटोपेची परवानगी, शोधून ते रद्द करा, आजच.