कोलेस्टेरॉलच्या गोळीने ठोके ताळ्यावर येतात का?

प्रश्न : आमच्या ह्यांना कोलेस्टेरॉलसाठी रोज रात्री अ‍ॅटोरवास्टॅटिन चालू आहे, बरीच वर्षं झाली. मध्यंतरी अचानक धडधड सुरू झाली, ईसीजी काढला तर एट्रियल फिब्रिलेशन निघालं. ओळखीतले एकजण म्हणाले हीच गोळी ठोके पण नीट ठेवते, डोस डबल करून घ्या. दुसरे म्हणतात तिच्यामुळेच हे झालं, बंद करा. कोणाचं ऐकायचं?

उत्तर : दोघांचंही नको. गोळी आहे तशी चालू ठेवा, पण ठोक्यांसाठी तिच्यावर विसंबू नका.

डोस वाढवा म्हणणारे अगदीच हवेत बोलत नाहीयेत हां. ह्या आजारात हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, आणि त्यामागे तिथली सूज, स्नायूत झालेले व्रण ह्याचाही हात असतो. स्टॅटिन, म्हणजे ह्या जातीची गोळी, कोलेस्टेरॉलशिवाय सूजही थोडी कमी करतं, मग ठोकेही सुधारतील असं वाटणं साहजिक होतं. २००६ साली इटलीतल्या एका अभ्यासात हृदयाच्या ऑपरेशनआधी आठवडाभर अ‍ॅटोरवास्टॅटिन ४० मिलिग्रॅम दिलं, तर नंतर हा त्रास ३५ टक्के लोकांना झाला आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत ५७ टक्क्यांना. आता एवढा फरक दिसल्यावर कोण खूश होणार नाही! पण त्यात माणसं होती फक्त २००. पुढे चीनमध्ये १,९२२ पेशंटवर रोसुवास्टॅटिन ही त्याच जातीची दुसरी गोळी वापरून तसाच अभ्यास झाला, २०१६ मध्ये छापून आला, आणि दोन्ही गटांत त्रास सारखाच, साधारण २१ टक्के. वर गोळी घेणाऱ्यांत किडनीला इजा होण्याचं प्रमाण जास्त निघालं ते वेगळंच.

ऑपरेशन वगैरे काही नाही, नुसती वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्यांचं काय, तर २०११ मध्ये छापलेले आणि न छापलेले असे दोन्ही प्रकारचे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. छोट्या आणि कमी दिवसांच्या अभ्यासांत फायदा दिसत होता, मोठ्या आणि लांब चाललेल्यांत तो दिसलाच नाही. माझ्या मते हे फार होतं, चांगला निकाल लागला की तो लगेच छापून येतो आणि लागला नाही तर फाईल कपाटात जाते, त्यामुळे चित्र आहे त्यापेक्षा गोड दिसतं.

आता गोळीमुळेच झालं म्हणणाऱ्यांचं. नुसत्या पाहणीत कोलेस्टेरॉल कमी असलेल्यांत हा त्रास थोडा जास्त दिसलाय हे खरं, पण त्यावरून दोष गोळीचा ठरत नाही, कारण निम्म्यांना गोळी आणि निम्म्यांना खोटी गोळी देऊन केलेल्या त्या मोठ्या अभ्यासांत तिने हा त्रास वाढवलेलाही नाही. आणि मनाने बंद केली तर नुकसान रक्तवाहिन्यांचं आहे. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, साधारण ३९ मिलिग्रॅमने उतरलं की हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरेचा धोका जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी होतो, ते काम ही गोळी करतेच आहे.

तुम्ही डॉक्टरांना खरं विचारायचंय ते रक्त पातळ करायच्या गोळीबद्दल. डाव्या वरच्या कप्प्याला एक छोटा खिसा असतो, थरथरीमुळे त्यात रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत गेली की स्ट्रोक. ह्या आजारात तो धोका सुमारे पाचपट धरतात. वय, बीपी, शुगर, आधी स्ट्रोक झालाय का, हे बघून गोळी द्यायची का ते ठरतं. शिवाय ठोके बिघडवणाऱ्या गोष्टीही बघायच्या: बीपी, वजन, दारू, थायरॉईड, आणि घोरणं! घोरता घोरता मध्येच श्वास अडकत असेल तर ते डॉक्टरांना तुम्हीच सांगा, ह्यांना झोपेत कुठून कळणार. ऑस्ट्रेलियातल्या २०२० च्या एका अभ्यासात नियमित पिणाऱ्यांना दारू सोडायला सांगितली, तर सहा महिन्यांत त्रास परत आला ५३ टक्क्यांना, पिणं चालू ठेवलेल्यांत ७३ टक्क्यांना. ठोक्यांसाठी एवढा फायदा स्टॅटिनने कुठल्याच मोठ्या अभ्यासात दाखवलेला नाही.

अजून एक, ठोक्यांसाठी अमिओडॅरोन सुरू केलं तर आधीची गोळी कुठली ते आवर्जून सांगा. अ‍ॅटोरवास्टॅटिनला सहसा फार अडचण येत नाही, पण सिम्वास्टॅटिन असेल तर २० मिलिग्रॅमच्या वर जायचं नसतं, आणि ठोके मंद करणारं व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम सोबत असेल तर १० च्या. नाहीतर रक्तात गोळीचं प्रमाण चढतं आणि स्नायूंना इजा होते. मांड्या-खांदे दुखायला लागले आणि लघवी गडद झाली तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

प्रश्न : मग फिश ऑइलच्या कॅप्सूल घेतल्या तर? त्या हृदयाला चांगल्या म्हणतात ना?

उत्तर : ठोक्यांसाठी तर नकोच, इथे उलटंच आहे. ट्रायग्लिसराईड, म्हणजे रक्तातली एक चरबी, जास्त असलेल्यांना फिश ऑइलमधल्या ओमेगा-३ चा एक शुद्ध प्रकार रोज ४ ग्रॅम देऊन मोठा अभ्यास झाला, त्यात हार्ट अटॅक वगैरे कमी झाले पण ह्याच ठोक्यांच्या त्रासासाठी ॲडमिट होणारे २.१ वरून ३.१ टक्क्यांवर गेले. ह्यांना आधीच त्रास आहे, तेव्हा दुकानातून परस्पर आणून चालू करू नका, चालू असतील तर पुढच्या तपासणीला बाटलीच घेऊन जा आणि दाखवा.